चार सेंटिमीटर

आठ सीझन मी द्राक्षं मोजली आहेत
मोहाडीच्या पॅकहाउसात, टोपी-मास्क लावून,
हातात ती भोकांची पट्टी:
सोळा, अठरा, वीस एमएम.
मणी भोकातून निसटला की लोकल,
अडला की युरोप.
म्हणजे आमच्याकडे अडणं चांगलं.

माघातली थंडी. होळकर पुलावर अँब्युलन्स थांबली,
पुढे कुणाची तरी वरात.
खाली गोदावरी असणार. दिसली नाही,
निर्माल्याचा वास तेवढा आत आला.

सिव्हिलमध्ये गांगुर्डे सिस्टरने
दोन बोटांनी मला मोजलं. चार, म्हणाली.
साडेनऊला चार. बाराला चार.
पहाटे तीनला हातमोजा काढत
ती नुसतीच खिडकीबाहेर पाहत राहिली,
त्र्यंबक नाक्याकडे.
विचारलंच नाही मी.

शेजारच्या खाटेवर सुरगाण्याची यमुना
जीपने आली, चप्पल काढली आणि बाळ झालं.
खरंच. एकच चप्पल निघाली होती.
तिचा मला राग आला.
तिने आपल्यातला अर्धा चहा पुढे केला,
तो सिस्टरने माझ्या हातातून काढून घेतला.
तेव्हाच कळायला हवं होतं.

तयारी केली नव्हती असं नाही.
सातव्यापासून उकिडवं बसून फरशी पुसली.
हेमराजने मोबाइलवर श्वासाचा व्हिडिओ लावला,
नाकाने घ्या, तोंडाने सोडा, कळ म्हणजे लाट.
मी दिंडोरी तालुक्यातली. लाट पाहिलेली नाही.
आम्हाला पाणी माहीत ते ड्रिपरचं,
थेंब थेंब, तासाला चार लिटर.
तशाच येत होत्या कळा,
मग त्यांनी सलाईनमधून औषध सोडलं
आणि मेन व्हॉल्वच फुटला.

पाणमोट फोडली. पाणी हिरवं.
मी रंगातली माणूस आहे,
ट्यूबलाइटखाली हिरवा कुठला, अंबर कुठला ओळखते.
कुणी काही बोललं नाही.
पोटावरच्या यंत्रातला घोडा घाट चढायला लागला,
एकशे दहा, नव्वद,
मग टापच ऐकू येईना.

सही कोण करणार? हेमराज खाली, पार्किंगमध्ये.
तो वर येईतो मी केली होती.
पूर्ण नाव, माहेरचं.
घाईत तेच आलं.

मांजरासारखं वाका, ताई. पाठीत सुई.
पाय गेले, दात वाजत राहिले.
पडद्यापलीकडे डॉक्टरबाई
कॉलेज रोडवरच्या क्लासच्या फीबद्दल बोलत होत्या.
बरं वाटलं. फीचं बोलतात
त्या खोलीत कुणी मरत नसावं.

ओढाओढ झाली, पोत्यात हात घालून चाचपावं तशी.
नंतर आवाज नाही.
वरच्या दिव्यात मी बत्त्या मोजल्या,
सात, त्यातली एक गेलेली.
परत मोजायला घेतल्या तेव्हा तो रडला.
रडला कसला, खोकला.

दाखवला नाही. दारातून एक गाठोडं गेलं.
वीस तासांनी काचेपलीकडे पाहिला,
आमच्या प्री-कूलिंगसारखीच काच, आत फक्त ऊब.
मनगटाला टॅग: आईचं नाव, वजन, तारीख.
लॉट नंबर नव्हता तेवढा.

जावेने फोनवर विचारलं, नॉर्मल का सिझर?
थोडं थांबून म्हणाली, असू दे, कळा तरी वाचल्या.
एकोणीस तास, अलकाताई.

डिस्चार्जच्या कागदावर कारण लिहिलंय:
प्रगती नाही.
शाळेतसुद्धा असं कुणी लिहिलं नव्हतं.
टाक्यांची रेघ मी स्वतः मोजली, आरशासमोर,
बारा सेंटिमीटर.
दहा लागतात म्हणे. चार जमले मला.
मग समोरूनच दार केलं, दोन जास्तीचे धरून.

पट्टी पर्समध्येच राहून गेली होती.
काल त्याची टाच विसाच्या भोकाशी नेली,
सुयांचे ठिपके अजून आहेत त्या टाचेवर.
अडली.
युरोप, असं अगदी ओठांवर आलं होतं.
म्हटलं नाही.
तळव्याला तीट लावली.