एक झेंडी

मला उभं केलं कारण डोळा प्रेसमधला.
एकतीस वर्षं नोटा तपासल्या नाशिकरोडला :
शाई पसरलेली, आकडा सरकलेला, धागा तिरका,
बाजूला काढ, शिक्का मार, पुढची घे.
डिक्रूझ सर म्हणाले, गायखेकाका, गोलपाशी तुम्हीच.
दोन पांढऱ्या झेंड्या दिल्या,
सहा गुणांना दोन्ही, एका गुणाला एक.
अंगात पांढरा कोट कॅम्पातल्या केमिस्टचा,
खिशात तापाच्या गोळ्यांची अर्धी पट्टी.

मैदान देवळालीचं, क्रिकेटचं. खेळ ऑस्ट्रेलियाचा.
चेंडू पपईच्या आकाराचा, लाल,
टप्पा पडला की कुठं जाईल, त्यालाच ठाऊक नाही.
गोलाला जाळी नाही, आडवी दांडी नाही,
चार बांबू नुसते उभे, मधले दोन उंच,
सुरगाण्याहून टेम्पोत आलेले, चुना फासलेले.
मधल्या दोघांतून गेला तर सहा.
चुकून कडेच्या फटीतून गेला तरी एक.
बायकोला हे फार आवडलं.
चुकल्याचासुद्धा एक देतात? म्हणाली,
आमच्या सासरी नव्हता असा नियम.

मुलींची राज्य फायनल. समोर इचलकरंजी.
त्यांची कॅप्टन आफरीन मोमीन,
मागातल्या धोट्यासारखी या कडेची त्या कडेला.
आमच्याकडं जिजा भोये. ती उडी मारते
तेव्हा गुडघा दुसरीच्या खांद्यावर असतो
आणि चेंडू वरच्या वर काढलेला,
शेंड्यावरचं मधाचं पोळं काढावं तसा.

चौथा डाव. ते अठ्ठेचाळीस, आपण सत्तेचाळीस.
जिजानं चेंडू पकडला आणि सायरन झाला,
उसन्या ॲम्ब्युलन्सचा,
बंदच होईना, ड्रायव्हर चहाला गेलेला.
पण पकडलाय म्हणजे एक लाथ तिची उरते.
वेळ संपल्यावरची लाथ.
माझ्याकडं तोंड करून उभी राहिली, चाळीस पावलांवर.
बूट दुसऱ्याचे, आत कापूस कोंबलेला.

मारला.
आला, सरळ आला, मग जरासा कलला,
माझ्या डोक्यावरून आत.
आत, हे सगळ्यांनी पाहिलं.
ढोल सुरू झाला, कोणी भंडारा उधळला,
डिक्रूझ सर पळता पळता पडले.

मी ऐकलं ते एवढंच : टिक.
कोऱ्या नोटेची कड नखाला लागावी, तेवढं.
त्या कल्लोळात, त्या सायरनमध्ये.
बांबूला लागला की गोल नाही. एकच गुण.
चेंडूवर चुना असणार म्हणून वळून बघतो,
तर कोणाचा तरी पोरगा तो सदऱ्याला पुसत होता,
लख्ख, प्रेमानं.

बांबूवर दोनदा थाप मारली.
एक बोट वर केलं.
एक झेंडी हलवली. दुसरी काखेत धरली,
ती उगाच थरथरत होती.

अठ्ठेचाळीस, अठ्ठेचाळीस.
ढोल मधेच कुठंतरी थांबला.
नाशिककर म्हणाले, काका विकले गेले.
इचलकरंजीकर म्हणाले, बांबूला नाही, आफरीनच्या बोटाला लागला,
म्हणजे तरी एकच, पण त्यांना भांडायचंच होतं.
बरोबरी झाली तर काय, ते पान
झेरॉक्समध्ये आलंच नव्हतं.
करंडक टेम्पोत, गोणपाटाखाली, तसाच राहिला.

पावणेसहाची सुरगाणा गाडी.
जिजा बूट हातात घेऊन आली,
माझ्याशी एक शब्द नाही.
बांबूपाशी गेली, बोटाच्या पेरानं वाजवला,
खाली, मग जरा वर, मग टाचा उचलून आणखी वर.
आमच्या बाबानं तोडलाय, म्हणाली.
एवढंच. आणि गाडीसाठी पळाली.

कोट धुऊन परत केला.
केमिस्टनं विचारलं, कोण जिंकलं?
मी म्हटलं, गोळ्या मोजून घ्या, पाच आहेत.