उजवा स्पीकर

घरी गाणं ऐकायचं म्हणजे हात धुऊन बसायचं.
कुत्रं अंगणात, दाराला आतून कडी,
आई डाव हातात तसाच धरून पलंगाच्या कडेला
आणि बाबा त्या दोन उंच लाकडी पेट्यांच्या बरोब्बर मधे,
सुतळीनं माप घेऊन मांडलेल्या खुर्चीत.
तबकडीवर सुई टेकली की
तीन माणसं आमच्या कुताइसीच्या खोलीत येऊन उभी राहायची:
एकाचा आवाज कडा चढणारा,
दुसऱ्याचा त्याच्या मागोमाग, पडलाच तर धरायला,
आणि तिसऱ्याचा खर्ज,
ज्याच्यावर ते दोघं पाय रोवतात.
मधे त्यांनी श्वास घेतला तर तोही ऐकू यायचा.
आम्ही घ्यायचो नाही.
बाबांचे डोळे मिटलेले. ओठही.
शेवटी "हं" म्हणून उठायचे
आणि दाई बाळ पुसते तशी तबकडी पुसायचे.

गाडीत असले सोपस्कार नाहीत.
गाडी म्हणजे डेलिका, जपानहून तिसऱ्या हाती आलेली,
स्टिअरिंग उजवीकडे, म्हणजे आमच्या देशात चुकीच्या बाजूला.
सकाळी आठला बाजारातून ओनी, संध्याकाळी परत.
चीजचे गोळे, राजम्याची पोती,
डायलिसिस करून घरी निघालेल्या त्सियालाबाई,
त्यांच्या मांडीवर पाय बांधलेली कोंबडी,
इंडिकेटरची टिकटिक, अंब्रोलाउरीनंतर नदीचा आवाज,
आणि त्याच तिघांची कॅसेट,
बाबांनी घरच्या तबकडीवरून उतरवलेली.

तिघांची म्हणायची. ऐकू यायचे दोघंच.
मी पहिलीत असताना एका बोकडानं
उजव्या दाराचा स्पीकर लाथेनं फोडला होता
आणि खर्जवाला नेमका त्याच बाजूचा.

मग बाबा गायचे.
नीट वगैरे नाही. नाकेरालाच्या घाटात
गिअर बदलताना ओळ अर्धी सोडून,
पुढच्या ट्रकला सणसणीत शिवी घालून,
पुन्हा तिथूनच उचलून.
कधी सूर सरळ घसरायचा, उतारावरच्या पोत्यासारखा.
"वर घे रे नुगझार," त्सियालाबाई म्हणायच्या,
"कोंबडी दचकते."
ते घ्यायचे वर. पुढच्या वळणापर्यंत.

औषधांच्या दुकानातला माझा पहिला पगार.
त्बिलिसीच्या बाजारातून मी स्पीकरची जोडी आणली,
रात्री टॉर्च दातात धरून बसवली,
आणि सकाळी मागच्या सीटवर जाऊन बसले,
बक्षीस मिळणार असल्यासारखी.

त्किबुलीच्या आधीच तिसरा माणूस आला.
बाबांच्या गुडघ्याजवळून.
खोल, पक्का, तसूभर न हलणारा.
बाबांनी गुडघ्याकडे पाहिलं.
तोंड उघडलं, मिटलं.
"छान आहे," म्हणाले, "छान आहे हं, एतेरी."
आणि ओनीपर्यंत दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून
घरच्या खुर्चीत बसल्यासारखे बसले.
शाओरीचं तळं गेलं. नदी आली. कोणी शिवी दिली नाही.
"घसा बसला का रे?" त्सियालाबाईंनी विचारलं.
कोंबडी त्या दिवशी नव्हती.

द्राक्षांच्या तोडणीला मी पुन्हा घरी आले.
गाडीत बॅलन्सची कळ डावीकडे, पार टोकाला,
आणि खड्ड्यांनी हलू नये म्हणून
वर काळी चिकटपट्टी, दोन पदरी.
मी खिडकीबाहेर बघत राहिले.
घाट लागला. गिअर बदलला. ओळ तुटली, ट्रकवाल्याची आई निघाली,
ओळ पुन्हा जुळली, जराशी खाली.

घरी अजून सुतळीच्या मापाची खुर्ची आहे.
हल्ली बाबा मला बसवतात तिथं.
मी डोळे मिटते, श्वास आवरते,
आणि उजव्या पेटीतला तो माणूस गायला लागतो,
एकही चूक न करता.
त्याला सांगावंसं वाटतं,
ऊठ बाबा,
ही सीट आमच्या ड्रायव्हरची आहे.