मिठापासून पुढं

शालन, काल फोन तुटला तेव्हा आपण मिठापाशी होतो.

मीठ किती, ते मला किलोत सांगता येत नाही.
मूठ आवळून दोनदा,
मग हात झटकताना बोटांना राहील तेवढं.
तुझी मूठ माझ्याहून बारकी. मला ठाऊक आहे,
एका कात्रीवर आपण चार हंगाम काढले
आणि तुझ्या बोटांच्या कड्यात माझा अंगठा अडकायचा.
तू तीनदा घे.

द्राक्षं बाजारातली घेऊ नकोस.
ती गोड असतात. गोडाचं लोणचं घातलं
तर चार दिवसांत दारू होते.
हिरवी हवीत, कडक,
ज्यांच्यात अजून पाणी उतरलेलं नाही अशी.
भोसरीत कुठं मिळतील ते मी मणेराजुरीत बसून काय सांगू!

मला मिळतात. छाटणीनंतर जळणाची मोळी आणली होती,
तिच्यातली एक काडी चुलीत घालायची राहिली,
मी ती मोरीच्या पाण्यावर खोचली.
आता तिचा वेल पत्र्यावर चढलाय.
औषध नाही, डिपिंग नाही, घडाला कागद नाही.
मणी कसेही. एक वाटाण्याएवढा, एक गोटीएवढा,
एकाच देठावर.

यमगर सुपरवायझर आठवतो?
खिशातून मापाची कडी काढायचा, अठराची.
मणी आरपार गेला की घड बाद.
दिवसभर आपण बारके पाडायचो,
पायाखाली हिरवा सडा, चपला चिकट.
तू एकदा मूठभर उचलून तोंडात टाकलेस तर ओरडला,
'अय, कालच फवारा झालाय! मरायचं हाय का?'
तू म्हणालीस, 'मग परदेशातली काय मरत न्हाईत व्हय?'
'त्यास्नी दोन म्हयन्यानं मिळतंय. तवर उतरतंय.'
तू चावत राहिलीस.
त्याच्याकडं बघत.

असो.
धुऊन घे, आणि जुन्या लुगड्यावर पसर रात्रभर, पंख्याखाली.
पाण्याचा थेंब राहता कामा नये.
देठ कात्रीनं काप, ओढू नकोस.
ओढलं की मण्याला तोंड पडतं
आणि उघड्या तोंडात बुरशी शिरते.
पहिल्या वर्षी माझी बरणी तशीच गेली. वर पांढरी साय.
मुमताज मुलाणी म्हणाली, वरचं काढ, खालचं खा.
मी नको म्हटलं.
तिनं माझ्यासमोर उभं राहून वाटीभर खाल्लं
आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा वाटी घेऊन आली.

हळद राजापुरी. मी पाठवते.
तिकडची नुसती पिवळी असते.
मोहरीची डाळ, हिंग, तळलेल्या मेथीचे चार दाणे,
सुपारीएवढा गूळ. तिखट तुझ्या सुनेला विचारून.
तेल तापव आणि गार होऊ दे.
तुला घाई असते, म्हणून सांगते.
गरम तेलात मणी फुटतात.
ताप उतरलेल्या पोराच्या कपाळासारखं लागलं हाताला,
की मग ओत.

माझ्या बरणीचं झाकण फुटलंय.
बशी पालथी घालते, वरून फडकं, नाडीनं बांधलेलं.
फडकं तुझ्या शर्टाच्या बाहीचं आहे,
साडीवर घालायचीस तो, चौकटीचा.
खुंटीवर विसरून गेलीस.
दोन हंगाम वाट बघितली, मग फाडला.
रागावू नकोस. दुसरी बाही आहे अजून.

सात दिवस रोज हलव, चमचा घालू नकोस.
आठव्या दिवशी एक मणी चावून बघ.
करकरला तर जमलं.
नाही करकरला तर फोन कर.

आणि कात्री तुझ्याकडंच आहे ना?
पाठव म्हणत नाही. देठाला तीच घे, एवढंच.

फोन लगेच लागणार नाही. जरा थांब,
मला मोरीपर्यंत चालत जावं लागतं.
रेंज वेलाखालीच येते.