नळ गळत नाही

टपालानं छत्तीस नावपट्ट्यांचं पाकीट आलं:
सी. दे पालमा, खोली अकरा.
स्वयंपाकघरात इस्त्री तापवून
मी त्या डकवत बसले
बनियनांच्या मानेशी, मोज्यांच्या आतून,
त्या निळ्या स्वेटरवरसुद्धा
ज्याची एक बाही आईच्या हातून लांब विणली गेली
आणि पापांनी उसवू दिली नाही,
जन्मभर दुमडून घातली.

व्हीतो पर्थहून फोनवर म्हणाला,
"योग्य तेच करतेयस तू."
त्याच्यामागे कसला तरी आवाज होता,
समुद्राचा, किंवा भांडी धुवायच्या यंत्राचा.

सोबत काय आणावं याची यादी होती.
चार विजारी. नाडी नसलेले बूट. एखादा फोटो.
धारदार वस्तू नकोत.
जाळं विणायची लाकडी सुई
धारदार की नाही, ते यादीत नव्हतं.
मी ती बुटात खुपसली.

पोर्ट पिरीत जागा रिकामी नव्हती.
म्हणून आत, जमिनीकडे, अर्ध्या तासावर,
जिथं दोन्ही बाजूंना गहू
आणि गव्हापलीकडे गहू.
पापा टाय लावून शेजारी बसलेले.
मोल्फेत्ता सोडल्यापासून
पाण्यापासून इतक्या लांब ते झोपलेच नव्हते कधी.
"इथं बोट कुठे लावतात?" त्यांनी विचारलं.
"मागे," मी म्हटलं.

दाराचा आकडा दारावरच लिहिला होता, उलटा.
ज्याला तो सुलटा करता येईल
त्यानं खुशाल बाहेर जावं, अशी ती व्यवस्था.
मारिविक नावाच्या नर्सनं हसून दार धरलं.
पापांनी टोपी काढली,
बॅग मला उचलू दिली नाही.

खोलीत गेल्या गेल्या त्यांनी नळ सोडला,
बंद केला,
खालून तळवा लावून थांबले.
मग खिडकीची कडी, दोनदा.
मग गादी, गुडघा रोवून.

आणि मला घाम फुटला, कारण
अगदी असंच, याच क्रमानं,
एकोणऐंशी साली, अ‍ॅडलेडला,
नर्सिंगच्या वसतिगृहात.
मी अठरा वर्षांची. दारात तीन गोऱ्या मुली,
आणि माझा बाप, हाताला कोळंबीचा वास,
गादीवर गुडघा रोवून.
तेव्हा वाटलं होतं,
आता हे जातील तर बरं.

"खोली चांगली आहे, ग्राझिएल्ला," पापा म्हणाले.
"नळ गळत नाही. मुलीही साध्या दिसतायत.
कुणाशी भांडू नकोस.
रविवारी येतो मी."
पाकिटातून वीसची नोट काढली,
चौघडी करून माझ्या मुठीत कोंबली,
टोपी घातली,
आणि निघाले.

मी काय सांगणार होते, ते पाठ केलं होतं गाडीत.
डॉक्टरांचे शब्द होते त्यात, व्हीतोचे होते.
त्यातलं एकही तोंडात येईना.
ते दारापाशी पोचले, आकडे दाबू लागले,
लिहिलेत तसेच, सरळ,
पुन्हा पुन्हा.

"पापा," मी म्हटलं, "जेवून जा."

ते वळले.
लेकीच्या घरी उपाशी कसं निघायचं?
टोपी काढली. सूप होतं, वाटाण्याचं.
शेजारच्या बाईंना त्यांनी पाव पुढे केला
घरच्या यजमानासारखा,
आणि दुसऱ्या चमच्याला
मी उलटा आकडा सुलटा केला.

गाडीत बराच वेळ किल्ली सापडेना.
हातातच होती, नोटेखाली.

रविवारी गेले.
स्वेटरची ती बाही कुणीतरी सोडून ठेवलेली,
बोटं आत बुडालेली.
"मीच निघालो होतो," पापा म्हणाले,
"वारा उलटा लागला."
मी बाही दुमडली. एक घडी, मग अर्धी.
मग उगाच नळ सोडला, बंद केला,
खाली हात धरला.
"गळत नाही," मी म्हटलं.
"सांगितलं नव्हतं का तुला?" ते म्हणाले.