फ्रिजच्या दारावर, निल्युफरसाठी

किल्ली तुझ्याकडे आहेच.
सोमवारी मला एसनच्या इस्पितळात नेतील. किती दिवस,
ते डॉक्टरीणबाई सांगत नाही. एक्स-रे उजेडाला धरते
आणि नुसतं "हं" म्हणते.

तर ऐक.
मोहरीच्या बरणीशेजारी हिरवी बाटली आहे.
पालकाचं सूप नव्हे ते. माझ्या भावानं, एगोननं,
एकदा गरम करायला घेतलं होतं.
जिवंत आहे. एका थेंबात अख्ख्या बॉट्रॉपहून जास्त वस्ती,
थंडीनं पेंगलेली.
सकाळ-संध्याकाळ बाटली हलव,
नाहीतर तळाला बसतात,
आणि बसून राहिले की मरतात.
पेन्शन सुरू झाली तेव्हा मलाही लोकांनी हेच सांगितलं होतं.

सातला, फक्त निळा दिवा उरला की,
आधी फेस काढणारं यंत्र बंद कर.
विसरलीस तर सगळं जेवण कचऱ्यात.
मग पिचकारी. सुई नाही तिला, घाबरू नकोस.
वीस मिली. थेट कुणाच्या तोंडावर नाही,
वर, प्रवाहात सोड,
वाऱ्यावर पीठ सोडल्यासारखं.
पाणी जरा धुरकटेल.
थांब. खुर्ची तिथेच ठेवलीय.

आधी जांभळा पंखा. एरवी वाळकी काटकी,
मग काटकीला मोहर येतो,
एकेका फुलाला आठ बोटं. मोजलीत मी.
पिवळी मंडळी उशिरा उघडतात, शिष्ट आहेत.
आणि खाली वाळूत, माझ्या बुटाएवढा शिंपला,
निळे ओठ, त्यांवर सोनेरी शिंतोडे.
त्याला मी मुकादम म्हणतो.
आमचा मुकादमही दिवसभर उजेडातच असायचा.

एका नळीनं पाणी आत घेतो, दुसरीनं सोडतो,
मधल्या मध्ये हवं तेवढं ठेवून घेतो.
रात्रंदिवस. आवाज नाही.
मीही अकराशे मीटर खाली
एकतीस वर्षं हेच केलं,
फक्त मला दुसरी नळी नव्हती.
आलं ते आतच राहिलं.
एक्स-रेवर ते पांढरं दिसतं.
कोळसा, आणि पांढरा!
मला हसू आलं, मग खोकला.

खिडकीत तीन बाटल्या बुडबुडतात, तो कारखाना.
मार्चमध्ये तिन्ही एका रात्रीत पिवळ्या पडल्या,
कुजक्या अंड्यांचा वास.
रडलो वगैरे नाही. चहा करायचा तेवढा राहिला त्या दिवशी.
मग तुझी आई आठवली, दही लावणारी:
विरजण ती कधी संपू देत नाही,
वर वाटीभर शेजारणीकडे देऊन ठेवते,
आपलं नासलं तर मागायला तोंड असावं म्हणून.
तुझ्या खिडकीतली बाटली ती तीच.
तुला वाटलं, शोभेला दिली.
रोज तिचा वास घे. कापल्या गवताचा आला तर ठीक.

जास्त घालू नकोस.
तिथे भूक लागली म्हणून कुणी ओरडत नाही,
म्हणून माणसाला उगाच वाटतं, उपाशी असतील.
रोसवीथानं एका नाताळला दोन बाटल्या ओतल्या,
त्यांनाही सण, म्हणाली.
आठवडाभर घरात शंभर लिटर वाटाण्याचा रस्सा.
भिंतीवरचा डाग तेव्हाच्या बादलीचा आहे.
पुसू नकोस.

फोन साडेसातनंतर कर.
कुठला मासा गेला ते नको सांगू.
मुकादमाचं तेवढं सांग.
कसा आहे ते ओळखणं सोपं:
दिव्याच्या आणि त्याच्या मध्ये हात धर.
सावली पडली की दचकून मिटतो.
मिटला म्हणजे बरा आहे.

हात काढ. आकडे मोज.
माझ्यासाठी बाराला उघडतो.
तुला अजून ओळखत नाही,
तू वीसपर्यंत धर.