टीप

प्रत्येक संदर्भाखाली दीडशे शब्द, ट्रॅस्क बाई म्हणाल्या.
काय आहे, कुणी केलंय, विश्वास कितपत ठेवावा,
तुमच्या निबंधाला त्याचा उपयोग काय.
आणि 'मी' हा शब्द कुठेही नको.
वर्गातल्या एकोणीस वर्षांच्या पोरांनी माना डोलावल्या.
एकेचाळीस वर्षांची मीही डोलावली.

विषय माझाच, मी मागून घेतलेला:
नदीकाठचा बुटांचा कारखाना आणि तो बंद पडणं.

पहिला संदर्भ सोपा. सुवर्णमहोत्सवाची पुस्तिका,
मालकानं मालकाविषयी छापलेली.
लिहिलं: एकांगी. छायाचित्रं उपयुक्त.
छायाचित्रांत टाय दिसतात, हात दिसत नाहीत,
हेही लिहिलं होतं. शब्द जास्त झाले, खोडलं.

दुसरा, बॉस्टनच्या एका अर्थतज्ज्ञाचा प्रबंध.
जकात, आयात, मजुरीचे उतरते आलेख.
पान दोनशे बारा: 'कामगारांचे स्थलांतर अपेक्षेपेक्षा कमी.'
जाणार कुठे होतो, हे त्यानं विचारलेलं नाही.
याला मर्यादा म्हणतात. तसं लिहिलं.

साडेदहा. ग्रंथालयाचा रेडिएटर खोकतो.
माझ्या बुटांखाली रस्त्यावरच्या मिठाचं थारोळं.
बाराच्या आत पाठवायचं आहे.

तिसरा संदर्भ ध्वनिफीत. १९८९.
मुलाखतकार: व्हिटमार्श, डी.
मुलाखत देणारी: अनामिक स्त्री, हातशिलाई विभाग.
नाव नको ही अट तिचीच, कार्डावर टंकलेली.
म्हणून सूचीत व्हिटमार्श आधी,
आणि नंतरही व्हिटमार्शच.

हेडफोन लावले.
चामडं आधी भिजवायचं, ती सांगते,
सुया दोन, दोरा एकच,
दोन्हीकडून एकाच भोकात,
आणि टीप ओढताना श्वास सोडायचा नाही.
तिचा 'र' घशातून येतो, क्वेबेकहून आलेल्यांचा.
जोडीमागे किती सेंट, ते सांगण्याआधी
ती जीभ टाळूला लावून 'च्च' करते.

असं च्च करणारी
मला एकच बाई माहीत होती.

चौदाव्या मिनिटाला दार करकरतं.
लहान मुलगी, फ्रेंचमध्ये: मम्मा, दूध सांडलं.
'बंद करा ते,' ती म्हणते. टक्.
फीत पुन्हा सुरू होते तेव्हा ती हसतेय:
'कुठे होते मी?'

त्या दोन आवाजांमधलं फितीत नाही.
ते असं: फडक्यानं दूध टिपत ती टेबलाखाली वाकली,
पाहुण्याच्या तपकिरी बुटांची शिवण बघितली,
माझ्या कानात म्हणाली, मशीनची आहे,
आणि दोघी फिदीफिदी हसलो.

स्रोताची विश्वासार्हता:
थेट अनुभव, तपशील अचूक.
आवाज ओळखीचा असणं हा पुरावा धरत नाहीत.
लिहिलं:
'चौदाव्या मिनिटाला घरगुती व्यत्यय.
त्यानंतरचा भाग अधिक मोकळा.'

अकरा वाजून पन्नास.
शब्द मोजले. एकशे सत्तेचाळीस.
तीन उरतात.

फीत मागे घेतली,
चौदाव्या मिनिटापर्यंत.