शेड आणि शॅडो

निपाणीत, तंबाखूच्या वखारीच्या माडीवर
मी इंग्रजीची शिकवणी घेतो.
खालून वास येतो. नवी मुलं आठवडाभर शिंकतात,
मग शिंकायचं विसरतात.

परवा फळ्यावर दोनच शब्द लिहिले:
शेड. शॅडो.
म्हटलं, अर्थ लिहा, मराठीत, कन्नडात,
ज्याच्या घरात जे बोलतात त्यात.

दिग्विजयनं दोन्हींपुढं लिहिलं, सावली.
शिवलीलानं दोन्हींपुढं, नेरळु.
खाली चौकात पाटीवर वर कुणी बसायचं
म्हणून एकमेकींना डांबर फासणाऱ्या या दोघी
माझ्या वह्यांच्या गठ्ठ्यात
एकच चूक करून शेजारी बसल्या होत्या.
चूक म्हणावं का,
अजून ठरत नाही.

मी समजावलं:
चिंचेखाली बसल्यावर अंगाला लागते ती शेड,
तिला थंडावा असतो, आकार नसतो.
चिंचेची रस्त्यावर पडते, फांद्याबिंद्यांसकट, ती शॅडो.
'सर, चिंच तोडली की.'
खरंच. रस्ता रुंद झाला तेव्हाच.
उदाहरण तेवढं माझ्याकडं राहिलंय.

शिवलीला बराच वेळ पेन चावत होती.
'शॅडो आपल्या मागनं येते, सर.
शेडकडं आपल्याला जावं लागतं.'
एवढं माझ्या डिक्शनरीत नव्हतं.

दाराशी दिग्विजयची आई, आक्काताई,
फी द्यायला आलेली,
विडीच्या सुपावरनं तशीच उठून.
'शेड म्हंजी सावली व्हय?
मग आमच्या शेडात का न्हाई ती?
बारा वर्सं बसलो की मी त्या पत्र्याखाली.
तवा हुतोय नुसता.'
पोरं हसली.
मी म्हणालो, त्याचं स्पेलिंग वेगळं असतं, बाई.
'असंल,' ती नोटा मोजत म्हणाली,
'तापतंय तेच.'

रविवारी स्कूटरवरनं येताना
तवंदी घाटाच्या पायथ्याला एक बाई दिसली.
बसथांबा आहे तिथं, छप्पर नाही.
ती उन्हाकडं पाठ करून उभी,
आणि तिच्या पुढ्यात, डांबरावर पडलेल्या
तिच्याएवढ्याच काळोखात
एक पोरगी गजगे खेळत होती.
ऊन सरकलं, बाई पाऊलभर सरकली.
पोरगीही सरकली, गजग्यांसकट,
वर न बघता.
चिकोडीची बस येईपर्यंत
मी उगाच स्कूटरची किक मारत राहिलो.

तेच वाक्य परीक्षेत घातलं:
मूल आईच्या गाळलेली जागा मध्ये बसलं होतं.
उत्तरपत्रिका मीच केली होती. शॅडो.
दिग्विजयनं लिहिलंय, शेड.
शिवलीलानं आधी एक लिहून खोडलंय,
मग दुसरं,
मग जागा तशीच गाळलेली ठेवलीय.

लाल पेन उघडं धरून बसलोय
तोच लाइट गेली.
लोडशेडिंग.
भिंतीवर माझं डोकं होतं, पेन होतं, वह्यांचा ढीग होता,
सगळं एकदम पुसलं.
खालून हमाल ओरडला कन्नडात, कंदील कुठाय,
कुणीतरी मराठीत सांगितलं, तुझ्या डोक्यावर बघ.

मी टोपण शोधतोय.
शाई सुकते.